क्रीडालेखांचं सचित्र पुस्तक स्वतः काढायचंय? आधी माणसं मोजा

चोपडा तालुक्यातल्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी विचारलंय. तीस वर्षं शाळेचे खो-खो आणि कबड्डीचे संघ घडवले, त्या आठवणींवर साठ-पासष्ट लेख लिहिले. निम्मे स्थानिक साप्ताहिकात छापून आले, बाकीचे वह्यांत पडून आहेत. जुने फोटो चाळीसेक, आणि पुतणी चित्रं काढते. एका ठिकाणी ‘संपूर्ण पॅकेज’ सांगितलंय आणि हजार प्रती काढा म्हणतात. तर पुस्तक स्वतः काढावं का, चित्रं कशी घ्यावीत, किती प्रती छापाव्यात?

सर, मी जळगावात अठ्ठावीस वर्षं अक्षरजुळणी आणि पुस्तकनिर्मितीचं काम करतोय. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात. हजार प्रती छापू नका.

कादंबरी लिहिणाऱ्याला आपला वाचक कोण ते ठाऊक नसतं. तुमचं तसं नाही. तुमचे वाचक तुम्हाला नावानिशी माहीत आहेत. एक दोनशे पानी वही घ्या, वर्षवार संघ लिहा आणि प्रत्येक नावापुढे आज तो कुठे आहे ते टाका. सुरतला, पुण्याला, गावातच केळीच्या बागेत, किंवा वारला. त्यानंतर सोबतचे शिक्षक, पंच, शेजारच्या शाळांचे पीटी सर, आणि तुमचे लेख वाचून फोन करणारी माणसं. ज्याच्यासमोर तुम्ही संकोच न करता पुस्तक धरून “दोनशे रुपये दे” म्हणू शकता, त्याच्यापुढे बरोबरची खूण. त्या खुणा मोजा आणि त्यात पन्नास मिळवा. तेवढ्या प्रती. बहुतेकांचा आकडा दीडशे ते तीनशेत येतो. एका निवृत्त गृहस्थांच्या घरी माळ्यावर सातशे प्रती बारा वर्षं पडून होत्या. सून दर दिवाळीला विचारायची, यांचं काय करायचं. तुमच्या घरी तसं व्हायला नको.

दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते. ऑफसेटला प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च आधीच बसतो, मग शंभर काढा की हजार. म्हणून हजाराला एका प्रतीचा दर स्वस्त दिसतो आणि पॅकेजवाला तोच आकडा पुढे करतो. पण न विकलेल्या प्रतीचा दर कितीही कमी असला तरी तो तुमच्याच पेन्शनमधून जातो. फाइल तुमच्या हाती असली की आणखी शंभर प्रती केव्हाही निघतात.

आता लेख. पासष्टच्या पासष्ट घेऊ नका. साप्ताहिकात आलेल्या लेखांत बरेचसे सामन्यांचे अहवाल असणार. उपांत्य फेरीत दोन गुणांनी गेलो, अमक्याने चढाईत तिघांना टिपलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ते शोभतं, वीस वर्षांनी वाचणाऱ्याला त्यात स्वतःचं नाव नसेल तर तो पान उलटतो. पण हरून परत येताना एसटीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि मग मागच्या बाकावरून एकाने भाकरीचं फडकं सोडलं, हे लिहिलं असेल तर ते ठेवा. एक चाचणी सांगतो. लेखातला निकाल झाकून वाचा. तरीही काही उरलं तर तो पुस्तकातला. माझ्या अनुभवात पासष्टातले तीस ते पस्तीस उरतात. मग वर्षांच्या क्रमाने लावायचा आग्रहही आपोआप सुटतो.

तुमच्या पोरांच्या तोंडची अहिराणी किंवा लेवा बोली आहे तशी राहू द्या. मुद्रितशोधकाला हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर तो भला माणूस “हाऊ मी शे ना सर” याचं “हा मी आहे ना सर” करून ठेवतो आणि मैदानावरचं पोरगं एकदम बालभारतीच्या धड्यात जाऊन बसतं.

वह्यांतलं टाइप करून घेताना युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे मजकूर कुठल्याही संगणकावर तसाच उघडतो. साप्ताहिकाकडे जुन्या फाइली असतील तर त्या बहुधा श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमधल्या असतील. त्या युनिकोडमध्ये बदलता येतात, पण जोडाक्षरं सांडतात. सगळ्यांत जास्त मार अर्ध्या र ला बसतो. ‘धावणाऱ्या’चं ‘धावणार्या’ होतं, ‘पकडणाऱ्या’चं ‘पकडणार्या’. खेळावरच्या लेखात हे शब्द दर ओळीला येतात, म्हणून रूपांतर झाल्यावर ‘र्या’ शोधून एकेक तपासा. सरसकट बदलू नका, नाहीतर ‘कार्या’चं ‘काऱ्या’ होईल. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना ते बघा. हिंदी वळणाचा ल मजकुरात आला की कुठेतरी खटकतं, वाचकाला कारण सांगता येत नाही एवढंच. मुक्त परवान्याचे मुक्ता, तिरो देवनागरी मराठी असे चांगले फॉन्ट आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत.

चित्रांवर मात्र मी जास्त बोलणार आहे, कारण पैसा तिथेच वाया जातो आणि पुस्तक उभं राहतं तेही तिथेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी एका गाळ्यावर दोन दिवस बसलो होतो. स्थानिक आठवणींचं पुस्तक हातात घेणारा माणूस प्रस्तावना उघडत नाही. तो थेट फोटोंच्या पानावर जातो, अंगठा एकेका चेहऱ्यावरून सरकवतो आणि ओळखीचं कोणी सापडलं की मगच किंमत विचारतो.

म्हणून फोटोखालची ओळ फोटोइतकीच मोलाची. ‘विजयी संघ’ एवढं लिहून भागत नाही. डावीकडून उभे कोण, बसलेले कोण, कडेला बसलेला तो बदली खेळाडू कोण, स्पर्धा कुठली, साल कुठलं. ही नावं स्वतःच्या आठवणीवर भरू नका. फोटो त्या संघातल्या दोघांना वेगवेगळा दाखवा आणि दोघांची नावं जुळली तरच छापा.

यातला माझा स्वतःचा घोळ सांगतो. एका क्रीडा मंडळाच्या स्मरणिकेत जुन्या कबड्डी संघाचा फोटो होता. प्रिंट हरवलेली, निगेटिव्ह मिळाली. ती आमच्याकडे स्कॅन करताना उलट्या बाजूने ठेवली गेली. फोटो आरशातल्यासारखा आला. बनियनवर नंबर नव्हते, मागे पाटी नव्हती, कोणाला कळलंच नाही. नावं ‘डावीकडून’ बरोबर लिहिलेली होती, पण आता ती चुकीच्या चेहऱ्यांखाली गेली. पाचशे प्रती बांधून झाल्या. प्रकाशनाच्या दिवशी एका दिवंगत खेळाडूच्या पत्नीने पान उघडलं, बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाली, “हे नाहीत हे.” दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस आम्ही शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या चिकटवत बसलो. नंतर भिंग घेऊन पाहिलं तर सगळे पुरावे फोटोत होते. व्यवस्थापकाच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर, घड्याळ उजव्या मनगटावर, बटणपट्टी उलटी. तेव्हापासून कुठलाही जुना फोटो आला की मी आधी खिसा बघतो.

समूहफोटोचं आणखी एक गणित आहे. डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंची पुस्तकात मजकुराची रुंदी सव्वाचार इंचांच्या आसपास असते. एका ओळीत सात जण उभे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड सेंटिमीटर येतं, त्यात खांदे आले, चेहरा उरतो अर्ध्या सेंटिमीटरचा. साठीतल्या वाचकाला तो दिसत नाही. तुमच्याकडे असे फोटो बरेच असतील तर क्राउन पाव, सव्वासात बाय साडेनऊचा आकार घ्या. फोटो मोजकेच असतील तर डेमीच ठेवा आणि समूहफोटो आडवा फिरवून पूर्ण पान द्या. पुस्तक फिरवून बघायला लोकांची ना नसते.

चाळीस फोटोंतले किती घ्यायचे? एका फोटोत एकच गोष्ट स्वच्छ दिसते का ते बघा. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आता संग्रहालय आहे, सवड काढून एकदा जाऊन या. आयुष्याचा मोठा भाग त्या एका घरात काढून त्यांनी टेबलावर साध्या वस्तू मांडून फोटो घेतले. काय वगळायचं ते तिथे कळतं. पाहुण्याच्या हस्ते ढाल स्वीकारतानाचे फोटो तुमच्याकडे डझनभर असणार. एक पुरे. पाहुणे रागावणार नाहीत, बहुतेकांना आठवतही नसेल.

फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून मागवू नका. तो आकार कमी करून, दाबून पाठवतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा मूळ प्रिंटच मागून घ्या. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात, म्हणजे पाच इंच रुंद फोटोला पंधराशे पिक्सेल. छोटी पासपोर्ट आकाराची प्रिंट मोठी करायची असेल तर सहाशे किंवा बाराशेवर स्कॅन करा. पेपरातलं कात्रण स्कॅन केलं की त्यातल्या छपाईच्या ठिपक्यांची जाळी उठते आणि चेहऱ्यांवर चौकटीचा शर्ट घातल्यासारखं दिसतं. स्कॅनरमध्ये ती जाळी काढायची सोय असते, तरी कात्रणातला फोटो शेवटचा पर्याय समजा. उलट अख्खं कात्रणच मथळ्यासकट कागदपत्र म्हणून छापलं तर ते छान दिसतं.

आता पुतणीची चित्रं. घरचं माणूस आहे, हौसेने काढेल, पण फोटोत जे आहे तेच तिला पुन्हा काढायला लावू नका. फोटोला जे जमत नाही ते तिच्याकडे द्या. खो-खोतली एकेरी साखळी आणि दुहेरी साखळी कशी पडते हे फोटोत कधीच कळत नाही. वरून पाहिल्यासारखा पट काढून पळणाऱ्याची वाट ठिपक्यांनी दाखवली की न खेळलेल्यालाही कळतं. कबड्डीत निदान रेषेजवळ चढाईपटूचा पाय कुठे होता आणि कोपऱ्यातल्या बचावपटूने घोटा कसा धरला, हे चार रेषांत येतं. जत्रेतल्या कुस्तीवर लेख असेल तर ढाक, कलाजंग हे डाव नुसते शब्दांत सांगून नव्या पोरांना समजत नाहीत. आणि ज्या प्रसंगाचा फोटोच नाही, ती एसटी, ते भाकरीचं फडकं, तेही तिचं.

चित्र पूर्ण करण्याआधी पेन्सिलचा कच्चा आराखडा तुम्ही स्वतः तपासा. आमच्याकडे एका चांगल्या चित्रकाराने खो-खोचं मुखपृष्ठ काढलं होतं. रंग, धूळ, संध्याकाळचं ऊन, सगळं सुरेख. फक्त पाटीवरचे आठही जण एकाच दिशेला तोंड करून बसलेले. एकाआड एक उलट तोंड करून बसतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते मुखपृष्ठ निघालं असतं तर पुस्तक उघडायच्या आधीच मैदानावर हशा झाला असता. रेषाचित्रं शाईने पांढऱ्या कागदावर, छापायच्या आकाराच्या दीडपट मोठी काढा, लहान केल्यावर रेष घट्ट होते. स्कॅन बाराशेवर.

रंगीत पानं मध्येमध्ये पेरू नका. छपाईत सोळा पानांचा एक फर्मा धरतात. दहा फर्म्यांचं पुस्तक म्हणजे १६० पानं. मजकूर १६३वर गेला तर तीन पानांसाठी खर्च वाढतो, तेव्हा एखादा लेख आवरा. रंगीत फोटो निवडून आठ किंवा सोळा पानांचा एक वेगळा फर्मा गुळगुळीत आर्ट पेपरवर करा आणि तो मध्ये बसवा. बाकी सगळं काळ्या शाईत, ८० किंवा ९० जीएसएमच्या (म्हणजे तेवढ्या जाडीच्या) साध्या मॅपलिथो कागदावर. ७० वर पाठीमागचा काळा फोटो इकडे दिसतो. मॅपलिथो शाई पितो, फोटो पडद्यावर दिसतो त्याहून गडद येतो. सावळ्या चेहऱ्यांची पोरं, मेचं ऊन, डोळ्यांवर सावली, मग चेहऱ्याच्या जागी डागच उरतो. म्हणून फोटो आधीच उजळून घ्या आणि त्याच कागदावर चार पानांचा नमुना छापून मागा. पीडीएफ बघून होकार देऊ नका.

बांधणी शिवणीचीच घ्या, नुसती चिकटवलेली नको. पुण्या-मुंबईला चालेल, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि प्रती पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत असतात. गरम डिंक मऊ पडतो आणि फोटोंची जड पानं आधी सुटतात. शिवणीला प्रतीमागे थोडे जास्त पडतील, ते द्या.

हक्कांचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तुम्ही साप्ताहिकाचे नोकर नव्हता आणि लेखी हक्क दिलेले नसतील तर लेख तुमचेच. तरी संपादकांना पत्र लिहा आणि ‘पूर्वप्रसिद्धी’ छापा, ते सौजन्याचं आहे. फोटोचं वेगळं आहे. एखाद्याने पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. म्हणजे शाळेने फोटोग्राफर बोलावला असेल तर फोटो शाळेचा, मुख्याध्यापकांचं परवानगीपत्र घ्या. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने काढलेला असेल तर त्या वर्तमानपत्राला विचारा. जुना आहे म्हणून मोकळा, असं नसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. मुलींच्या संघांचे फोटो असतील तर त्या आता पन्नाशीला आल्या असतील, त्यांना स्वतःला विचारा, भावाला नाही. पुतणीबरोबरही एक पानाचा कागद करा, मानधन, नावाचा उल्लेख, पुन्हा वापर. घरातलं माणूस आहे म्हणून तर नक्कीच करा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते, ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःच्या नावाने करू शकतो. तेरा आकडी क्रमांक, आणि ई-पुस्तक काढलंत तर त्याला वेगळा. तो क्रमांक म्हणजे सरकारने पुस्तक मंजूर केलं असं नव्हे, एवढं ‘आयएसबीएनसह दर्जेदार पुस्तक’ म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. पॅकेजवाल्याला तीन गोष्टी विचारा. आयएसबीएन कोणाच्या नावावर? मांडणीची मूळ फाइल, नुसती पीडीएफ नव्हे, मला देणार का? दुसरी आवृत्ती मी दुसरीकडे छापू शकतो का? तिन्हींना लेखी होकार आला तर दराचं बोला. एका ओळखीच्या लेखकाला स्वतःच्याच पुस्तकाच्या पन्नास प्रती हव्या होत्या, फाइल मिळेना, शेवटी पुन्हा सगळं टाइप करून घेतलं.

पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत चार प्रती स्वखर्चाने पाठवायच्या असतात, १९५४ चा कायदा आहे. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईला एशियाटिकमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः पुस्तक काढणारे हे हमखास विसरतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. टपालाने पाठवायला १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, कर वेगळा. त्यासाठी पुस्तकावर प्रकाशक किंवा मुद्रकाचं नाव लागतं, तेव्हा श्रेयपानावर ते टाकायला विसरू नका. आधी एक प्रत घेऊन पोस्टात दाखवा, आपलं पुस्तक त्यात बसतं का ते विचारून घ्या.

दुकानात ठेवायच्या भानगडीत फार पडू नका. वितरक चाळीस-पन्नास टक्के कापतो आणि हिशोबाला वर्ष लावतो. किंमत ठरवताना एका प्रतीचा सगळा खर्च धरा, त्यात टायपिंग, मुद्रितशोधन, स्कॅनिंग आलं, आणि त्याच्या दुपटीच्या आत ठेवा. माजी विद्यार्थ्यांच्या गटावर आगाऊ नोंदणी घ्या, पण मुखपृष्ठ तयार झाल्यावरच. नुसत्या घोषणेवर पैसे येत नाहीत. जिल्हा वाचनालयाला आणि तालुक्यातल्या वाचनालयांना प्रत भेट द्या. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठीही पाठवा, लागलं तर उत्तम. पहिलंच पुस्तक आहे, तेव्हा साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचे नियमही वाचून बघा. फक्त तिथे हस्तलिखित छापण्याआधी जातं आणि वेळ लागतो, घाई असेल तर तो नाद सोडा.

प्रकाशन हॉलमध्ये नको, शाळेच्या मैदानावर करा, आणि उन्हाळ्यात तर मुळीच नको. कापूस विकला गेलेला असतो, शाळांच्या स्पर्धा चालू असतात, तो डिसेंबर-जानेवारीचा काळ बरा. म्हणजे मजकूर गणपतीपर्यंत पक्का, फोटोंची नावं दसऱ्यापर्यंत, छपाई दिवाळीनंतर.

जळगावला याल तेव्हा कात्रणांची पेटी घेऊन या. आणि एक करू नका. जुन्या अल्बममधले फोटो घरी उचकटून काढू नका. त्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढला की वरचा थर पानालाच राहतो, आणि नेमका चेहराच जातो. अख्खा अल्बम पिशवीत घाला आणि तसाच आणा. पानासकट स्कॅन करू.